संसारांतील विज्ञान : उघडें लोखंड आणि गंज

घरांतील लोखंड म्हटलें कीं विळी, अडकित्ता आणि तवा हीं प्रथम डोळ्यांपुढें उभीं राहतात. कैरी चिरून झाल्यावर विळीचें पान धुवून, कोरडें पुसून त्यावर तेलाचें बोट फिरविण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे, आणि ती मोडणाऱ्यास वडील माणसें बोलल्याशिवाय सोडीत नाहींत. परंतु त्याच घराच्या अंगणांत लाखों रुपयांची मोटार, मुलांच्या दुचाक्या आणि शेतावरील ट्रॅक्टर चार महिने पावसांत भिजत असतात. त्यांच्या उघड्या लोखंडाची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाहीं. विळीस जो न्याय लाविला तोच वाहनास लावावा, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

समुद्रकांठच्या कुटुंबांस गंजाची ओळख करून द्यावी लागत नाहीं. उलट सातपुड्याच्या पायथ्याशीं व तापीच्या खोऱ्यांत राहणाऱ्यांचा समज असा कीं, आपला मुलूख उन्हाचा व कोरडा, येथें खारी हवा नाहीं, तेव्हां आपणांस भय नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांतील कळसाडीसारख्या गांवीं हा समज अर्धाच खरा ठरतो. लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायु हीं दोन्ही लागतात, पण त्यासाठीं पाऊसच पडावा लागतो असें नाहीं. व्हर्नन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, हवेंतील सापेक्ष आर्द्रता सुमारें शेंकडा ६० ते ७० च्या पुढें गेली म्हणजे गंजण्याचा वेग एकदम वाढतो. पावसाळ्यांत खानदेशांतही ही मर्यादा ओलांडली जाते. शिवाय धातूवर क्षार बसलेले असतील तर ते हवेंतला ओलावा ओढून घेतात व याहून कमी आर्द्रतेंतही गंज धरतो. ज्या ट्रॉलींतून शेणखत व रासायनिक खतें वाहिलीं जातात, तिच्यापाशीं समुद्र घरींच आणून ठेवल्यासारखें होतें. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणून जें खत आपण घेतों तें पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे खाण्याच्या मिठाचाच भाऊबंद होय. म्हणून खत उतरविल्याबरोबर त्याच दिवशीं ट्रॉली स्वच्छ पाण्यानें धुणें, ही पुढील सर्व उपायांची पहिली पायरी समजावी.

येथें कोणी विचारील, तांबें काळवंडतें, ॲल्युमिनियमही मंदावतें, मग लोखंडाचाच एवढा बाऊ कां? उत्तर असें कीं, ॲल्युमिनियमवर जी पापुद्र्यासारखी साय धरते ती घट्ट असते व आंतील धातूचें रक्षण करते. लोखंडाचा गंज मात्र मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, फुगतो, सुटतो आणि खालचें ताजें लोखंड पुन्हां उघडें पाडतो. दिल्लीच्या मेहरौली येथील लोहस्तंभ सुमारें १६०० वर्षें उघड्यावर उभा आहे, त्याचें कारण हेंच कीं त्याच्यावरील थर सुटत नाहीं. कानपूरच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम् यांनीं त्याचा अभ्यास करून असें प्रतिपादिलें कीं, त्या लोखंडांत फॉस्फरस अधिक असल्यामुळें पृष्ठभागीं एक पातळ संरक्षक थर जमला. आपल्या खानदेशाच्या उत्तरेस, पवारांच्या धार शहरींही तसाच एक प्रचंड लोहस्तंभ तुकडे झालेल्या स्थितींत पडलेला आहे. अर्वाचीन कारखान्यांनीं हीच युक्ति निराळ्या मार्गानें साधली. इंग्लंडांत टॉमस वॉट्स कॉस्लेट यानें १९०६ सालीं फॉस्फेटचा थर देण्याची रीत पेटंट केली, आणि आजही मोटारींचे सांगाडे रंग देण्यापूर्वीं फॉस्फेटच्या स्नानांतून जातात.

पण कारखान्यानें दिलेलें हें कवच जेथें नसतें तेथें काय करावें? वाहनाचे उघडे भाग तीन प्रकारचे असतात, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. सर्वांस एकच औषध पाजणें ही नेहमींची चूक होय.

पहिला प्रकार, रंग उडाल्यामुळें उघडे पडलेले भाग. चाकांवरील पत्रा, ट्रॉलीचा तळ, दरवाज्याची खालची कड हे यांत येतात. प्रथम धुवून पूर्ण वाळवावें; मग तारेच्या ब्रशानें व काचकागदानें चकचकीत धातु दिसेपर्यंत घासावें; तेलकटपणा पुसून त्याच दिवशीं गंजरोधक अस्तर द्यावें व तें वाळल्यावर रंग द्यावा. गंजावरच रंग फासला तर तो थोड्याच दिवसांत पोपड्यासह निघून येतो. मात्र जुनें फाटक किंवा जुनी गाडी घासतांना एक सावधगिरी हवी. पूर्वीं लोखंडास शेंदराचें, म्हणजे शिशाच्या तांबड्या भस्माचें, अस्तर देत असत. त्याची कोरडी धूळ लहान मुलांच्या मेंदूस घातक आहे. भारतांत १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशास दशलक्ष भागांत ९० भाग अशी कमाल मर्यादा घालून दिलेली आहे. पण तत्पूर्वींचा रंग अजून पुष्कळ ठिकाणीं शिल्लक आहे. तो ओला करून घासावा, आणि मुलांस दूर ठेवावें.

दुसरा प्रकार, जे भाग उघडेच राहिले पाहिजेत ते. सायकलची सांखळी, मळसूत्राचे आटे, नांगराचा फाळ, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा चकचकीत दांडा, ट्रॉली जोडण्याची खीळ, हे घर्षणाचे भाग रंग धरीत नाहींत. यांस वंगण हेंच वस्त्र. बैलगाडीच्या आंसास ओंगण घालणाऱ्या आपल्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. हायड्रॉलिकचा दांडा गाडी उभी करतांना शक्य तेवढा आंत ओढलेला ठेवावा, म्हणजे तो तेलांत सुरक्षित राहतो. फाळ धुवून, पुसून त्यास ग्रीस चोपडावें. पुष्कळ ठिकाणीं इंजिनांतून काढलेलें काळें तेल या कामीं वापरतात. तें टाकावें, त्यांत आम्लें असतात, वारंवार कातडीस लागल्यास तें कर्करोगास कारण होऊं शकतें, आणि पावसाबरोबर विहिरींत उतरतें. जवसाचें तेल लावल्यास त्याच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत, त्या आपोआप पेट घेतात.

तिसरा प्रकार, जेथें तेलाचा थेंबही जातां कामा नये ते ब्रेकचे भाग. पावसानंतर सकाळीं ब्रेकच्या तबकडीवर नारिंगी गंज दिसला तर घाबरूं नये. सावकाश दोनचार वेळां ब्रेक दाबले कीं तो निघून जातो. त्यावर तेल लावणें म्हणजे ब्रेकच काढून घेणें होय. परंतु ब्रेकच्या पोलादी नळीवर फोड आलेले दिसले, किंवा ट्रॉलीची खीळ झिजून बारीक झाली, तर रंग देऊन समाधान मानूं नये. तो भाग बदलावाच. उसाच्या हंगामांत एका ट्रॅक्टरामागें भरलेल्या दोन ट्रॉल्या रात्रीच्या अंधारांत रस्त्यानें जातात. मागची ट्रॉली चढावर सुटली तर तिच्यामागून सायकलीवर येणारा जो कोणी असेल, तो कोणाच्या तरी घरचा मुलगा असतो. गंजाचा प्रश्न पैशाचा आहेच, पण तो येथें पैशापुरता राहत नाहीं.

एक गोष्ट आणखी. गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळल्यानें गंज थांबत नाहीं, तर आंत घाम धरून वाढतो. छप्पर असावें आणि वारा खेळावा. दरवाज्यांच्या तळाशीं पाणी निथळण्याचीं जीं बारीक छिद्रें असतात तीं चिखलानें बुजूं देऊं नयेत.

हें सर्व केव्हां करावें याची आठवण पंचांगानेंच करून दिली आहे. आखाजी झाली कीं पावसापूर्वीं एकदां सर्व उघडे भाग तपासावे. आणि खंडेनवमीस, पाऊस सरल्यावर, पुन्हां एकदां. आयुधपूजेच्या दिवशीं विळी, कोयता आणि मोटार एकाच रांगेंत येतात, तेव्हां हळदकुंकवापूर्वीं तीं स्वच्छ, कोरडीं व जेथें हवें तेथें वंगण लावलेलीं असावीं. पूजा आटोपल्यावर नारळाचें पाणी, लिंबाचा रस व ओलीं फुलें उघड्या धातूवर तशींच राहूं देऊं नयेत. संध्याकाळीं पुसून घ्यावीं. घरांतील एका कर्त्या मुलाकडे किंवा मुलीकडे हें काम नेमून दिलें, तर अर्ध्या दिवसांत तें उरकतें, आणि विळीप्रमाणें गाडीसही घरांत कोणी विचारणारें आहे असें होतें.