प्रकाशाची साक्ष किती मानावी?

काष्ठौषधींची चूर्णे अतिनील दिव्याखाली धरून पाहण्याचा परिपाठ आता अनेक निर्माणशाळांत रूढ झाला आहे. दारुहळदीतील बर्बेरिन पिवळे चमकते, हळदीतील कर्क्युमिन हिरवट पिवळे. या चमकण्याला प्रतिदीप्ती म्हणतात. परीक्षा स्वस्त आहे, चटकन होते. म्हणूनच तिच्यावर नको तितका विश्वास टाकला जातो, असे आमचे मत आहे. वनस्पती आणि धातू जेथे एकत्र नांदतात, त्या कल्पांत तर हा विश्वास महागात पडेल.

याचे कारण समजण्यास एक प्रयोग उपयोगी आहे. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऱ्याचे तीन अणू असलेला एक चपटा सेंद्रिय रेणू घेतला व त्याची नॅप्थलीनशी, म्हणजे डांबरगोळीतील द्रव्याशी, गाठ घालून दिली. हे काम २००२ साली प्रसिद्ध झाले. नॅप्थलीन हे रसायनशास्त्राच्या भाषेत ॲरोमॅटिक, म्हणजे कार्बनच्या विशिष्ट वलयांचे, द्रव्य होय; येथे सुगंधाशी संबंध नाही. वलयावरील इलेक्ट्रॉनांच्या मेघाकडे पारा हलकेच ओढला गेला आणि दोन्ही रेणू एकाआड एक चवडीसारखे रचले गेले. एकटे नॅप्थलीन घेतलेला प्रकाश प्रायः क्षणार्धात, तोही डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांत, परत देते. पाऱ्याच्या जड अणूंच्या सान्निध्यात मात्र तेच नॅप्थलीन साध्या तापमानात हिरवे, रेंगाळणारे तेज देऊ लागले. एरवी हे तेज अतिशीत अवस्थेतच दिसते. रेणू तोच राहिला, शेजारी बदलला आणि प्रकाश बदलला.

पाऱ्याचे नाव ऐकून कोणी हर्षभरित होऊ नये. तो रेणू आणि आपली कज्जली यांत महदंतर आहे. कज्जलीत पारा व गंधक असतात, वलय नसते. या प्रयोगाने रसौषधींच्या निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र मिळत नाही. चरकांनी त्रिफळेचा कल्क नव्या लोहपात्रास लेपून अहोरात्र ठेवण्यास सांगितले, यावरून पात्राचा विचार त्यांनी केला होता एवढे निश्चित म्हणता येते. हिरड्याने लोखंड काळे पडते हे तर सर्वांस ठाऊक आहे. तेथे कषाय द्रव्यातील ऑक्सिजन लोहास धरतो. बंध निराळा, परंतु धातूच्या संगतीने द्रव्याचे रूप पालटते हा धडा एकच.

आता आरोग्यवर्धिनी घ्या. कज्जली, लोह, ताम्र आणि अभ्रक यांच्यासमवेत त्रिफळा व कुटकी तेथे आहेत. विरघळलेले लोह व ताम्र बहुधा प्रतिदीप्ती विझवतात. म्हणून अशा कल्पाची चमक मंद दिसली तर वनस्पती हीन होती असे ठरत नाही. उलट, लेड क्रोमेटची भेसळ असलेली हळदही चमकेल. ती चमक कर्क्युमिनची असते, शिशाविषयी ती मौन बाळगते.

हे मौन रुग्णास बाधते. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्या शास्त्रास केवढा बोल लागला हे विसरता येत नाही.

यास्तव औषधी निर्मात्यांस आमची विनंती अशी : काष्ठौषधींची दीप्तीपरीक्षा भस्मे मिसळण्यापूर्वी व भावना देण्यापूर्वी करावी. त्या वेळचा नमुना राखून ठेवावा. पात्र कोणत्या धातूचे व पाणी कोठले, याची नोंद घाणागणिक करावी. धातूंचे प्रमाण प्रयोगशाळेतून स्वतंत्रपणे मोजून घ्यावे. वैद्यांनीही औषध घेताना या नोंदी मागाव्यात. दिव्याची साक्ष अवश्य घ्यावी. निवाडा मात्र तिच्या एकटीवर सोपवू नये.