भुतांच्या चित्रपटांनाही वाली हवा

मेढ्याहून केळघरचा घाट चढून गेले की महाबळेश्वर लागते. थंड हवा, स्ट्रॉबेरी आणि सूर्यास्त पाहण्याच्या जागा एवढ्यावरच या गिरिस्थानाची ओळख सहसा थांबते. परंतु हिंदी भयपटाच्या इतिहासात त्याची एक वेगळी नोंद आहे. १९७२ साली पडद्यावर आलेला ‘दो गज जमीन के नीचे’ हा चित्रपट रॅम्से बंधूंनी महाबळेश्वरात चित्रित केला. मुंबईहून एका बसमध्ये नटमंडळी, तंत्रज्ञ आणि सामानसुमान घालून नेले, सरकारी विश्रामगृहात मुक्काम ठोकला आणि सुमारे साडेतीन लाख रुपयांत चाळीसेक दिवसांत चित्रपट उरकला, असे या कुटुंबातील मंडळी पुढे सांगत असत. नेपथ्य उभारायला पैसा नव्हता. ते काम जावळीच्या खोऱ्यातून वर येणाऱ्या धुक्याने आणि जुन्या बंगल्यांनी केले. शिवकाळात भल्याभल्यांना धडकी भरवणाऱ्या या रानाने सिनेमाच्या भुतांनाही आसरा दिला, तर त्यात नवल नाही.

अशा चित्रपटांचे पुढे काय झाले, आणि त्यांचे काय व्हायला हवे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. भुताखेतांच्या स्वस्त चित्रपटांची चिंता कोणी करावी? तथापि जगात गेली काही वर्षे नेमका याच प्रकारच्या उपेक्षित चित्रपटांचा शोध घेतला जात आहे. त्यांच्या मूळ निगेटिव्ह हुडकून काढल्या जातात, त्यांवरची धूळ व ओरखडे दूर केले जातात आणि घरबसल्या पाहण्यासाठी त्यांच्या नव्या, स्वच्छ प्रती काढल्या जातात. रॅम्से बंधूंच्या वाट्यालाही हे भाग्य आले, परंतु ते परदेशातून. पीट टूम्ब्स या इंग्रज अभ्यासकाच्या ‘मोंडो मकाब्रो’ या संस्थेने ‘पुराना मंदिर’, ‘बंद दरवाजा’ यांसारखे चित्रपट डीव्हीडीच्या तबकड्यांवर आणले आणि अलीकडे ब्लू-रेवरही काढले. सोबत चित्रपटांची पार्श्वभूमी सांगणारा मजकूरही दिला. आपल्याकडे याच चित्रपटांच्या ज्या प्रती घरोघर पोचल्या, त्या कडा कापलेल्या, रंग विटलेल्या आणि मध्येच एखादे दृश्य गाळलेल्या होत्या. ज्या जिल्ह्यात चित्रपट घडला तेथल्या प्रेक्षकापेक्षा अमेरिकेतल्या एखाद्या हौशी माणसाने तो अधिक नीट पाहिलेला असावा, ही गोष्ट अभिमानाची नव्हे.

रॅम्से कुटुंबाची कहाणीही ऐकण्याजोगी आहे. फतेहचंद रामसिंघानी हे फाळणीनंतर मुंबईत येऊन स्थिरावलेले रेडिओचे व्यापारी. १९७० साली त्यांच्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ या चित्रपटाने मार खाल्ला. मात्र त्यातील एका प्रसंगाला, भयंकर मुखवटा चढवून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूर यांच्या प्रसंगाला, प्रेक्षक दाद देतात हे त्यांच्या मुलांच्या नजरेतून सुटले नाही. सात भावांनी कामे वाटून घेतली. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाकडे, गंगू कॅमेऱ्याकडे, आणि असेच बाकीचे. १९८४ चा ‘पुराना मंदिर’ तर तुफान चालला. त्यात सामरी नावाच्या राक्षसाचे काम करणारे अनिरुद्ध अगरवाल हे रूडकीत शिकलेले अभियंते होते आणि आपले सदाशिव अमरापूरकरही त्यात होते. मोठ्या नटांचा डौल नाही, परदेशी चित्रण नाही. हे चित्रपट म्हणजे जवळजवळ घरगुती कारखान्यातले उत्पादन होते. जावळी, पाटण या भागांतून मुंबईच्या गोदीत, गिरणीत आणि बाजारपेठेत राबायला गेलेला माणूस रात्रीच्या खेळाला ज्या गर्दीत बसत असे, ती गर्दी या चित्रपटांची खरी आश्रयदाती. समीक्षकांनी मात्र त्यांची दखल घेतली ती बहुधा नाक मुरडण्यापुरतीच.

नाक मुरडण्यास कारणे नव्हती असे नाही. हे चित्रपट ओबडधोबड आहेत. विनोदी उपकथानके ठिगळासारखी लावलेली आहेत, स्त्रीदेहाचे प्रदर्शन उघडउघड गल्ल्यासाठी केलेले आहे आणि राक्षसाचा मुखवटा कित्येकदा मुखवटाच वाटतो. पण जतनासाठी गुणवत्तेची परीक्षा कोणी घ्यायची, आणि ती कोणत्या वर्षी? अमेरिकेत जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा चित्रपट १९६८ साली पिट्सबर्गच्या आसपास किरकोळ भांडवलावर तयार झाला. पडद्यावर स्वामित्वहक्काची सूचना छापायची राहून गेल्यामुळे त्याचे हक्कही निर्मात्यांच्या हातून निसटले आणि ज्याला हवे त्याने निकृष्ट प्रती काढून विकल्या. तोच चित्रपट १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला आणि २०१६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने मूळ निगेटिव्हवरून त्याचा जीर्णोद्धार केला. १९६८ सालच्या समीक्षकांच्या मताने चालायचे ठरले असते, तर ही निगेटिव्ह केव्हाच भंगारात गेली असती.

आपल्याकडे भंगारात जाणे हा शब्दप्रयोग अक्षरशः खरा आहे. जुन्या फिती चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. ‘आलम आरा’ हा १९३१ सालचा पहिला भारतीय बोलपट आज कोठेही उपलब्ध नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ अपुराच उरला आहे. फाळक्यांच्या चित्रपटांतील चमत्कारही त्या काळच्या अनेक शिष्टांना जत्रेतले खेळ वाटले असतील, हे येथे ध्यानात घ्यावे. २००३ सालच्या जानेवारीत पुण्याला प्रभातच्या जुन्या आवारातील गोदामाला आग लागली आणि नायट्रेटच्या फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. पुढच्या काळातील फिती तशा भडकून पेटत नाहीत, पण त्या कुजतात. ॲसिटेटची फीत उष्णतेने व दमटपणाने आंबू लागली की डबा उघडताच शिरक्याचा उग्र वास येतो, फीत आक्रसते, वेडीवाकडी होते. मग ती यंत्रातून जाईनाशी होते. रंगांचेही तसेच. निळसर छटा आधी उडते आणि सारा पडदा तांबूस दिसू लागतो. ‘शोले’सारख्या सर्वश्रुत चित्रपटाची मूळ निगेटिव्ह या रोगाने इतकी खराब झाली होती की, त्याच्या जीर्णोद्धारासाठी इंग्लंडमधील गोदामात सापडलेल्या साहित्याचा आधार घ्यावा लागला. तो जीर्णोद्धारित ‘शोले’ २०२५ साली इटलीत दाखवला गेला. ‘शोले’ची ही गत, तर साडेतीन लाखांच्या चित्रपटाच्या डब्याकडे कोणी पाहिले असेल?

जीर्णोद्धार म्हणजे रंगरंगोटी नव्हे, हेही स्पष्ट व्हायला हवे. एका सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटात एक लाख बहात्तर हजार आठशे चौकटी असतात. त्या एकेक करून संगणकावर उतरवायच्या, निगेटिव्हमध्ये जेथे तुकडा नाही तेथे जुन्या प्रतीवरून तो भरून काढायचा, ध्वनी वेगळा स्वच्छ करायचा, आणि हे सारे करताना मूळ छायाचित्रणाचा पोत पुसू द्यायचा नाही. महाबळेश्वरचे धुके हे धुकेच दिसले पाहिजे. यंत्राने घासूनपुसून त्याचे दूध करून ठेवले, तर तो जीर्णोद्धार नसून दुसरी मोडतोड ठरेल. रात्रीच्या दृश्यातील निळा आणि लाल प्रकाश किती गडद होता, हे सांगू शकणारी माणसे आता उरलेली नाहीत. तुलसी रॅम्से २०१८ च्या डिसेंबरात गेले, श्याम २०१९ च्या सप्टेंबरात आणि कॅमेरा सांभाळणारे गंगू २०२४ च्या एप्रिलात.

या सगळ्यावर एक आक्षेप असा येईल की, भुतांचे चित्रपट नव्याने घराघरांत पोचवणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे होय. सातारा जिल्ह्यात हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर याच साताऱ्याचे. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. ज्या भूमीने ही किंमत मोजली तेथे मांत्रिक, शाप आणि पिशाच्च यांच्या कथांचे कौतुक करावे काय? आक्षेपात तथ्य आहे. रॅम्सेपटांत मांत्रिक बहुधा खरा ठरतो आणि त्रिशूळ दाखवताच राक्षस मागे सरतो. पण भोंदूबाबा आपला खेळ खरा म्हणून विकतो, चित्रपट मात्र तिकीट लावून, खोटा असल्याची कबुली देऊनच दाखवला जातो. हा फरक लहान नाही. शिवाय १९८० च्या दशकातील समाज कशाला भीत होता, स्त्रीच्या देहात भूत शिरले की कुटुंब तिच्याशी कसे वागते असे त्याला वाटत होते, हे समजून घ्यायचे तर हे चित्रपट म्हणजे पुरावाच आहे. शिक्षकाने वर्गात एखादा प्रसंग दाखवून हा राक्षस रबराचा कसा बनवला, सावली कोठून पाडली, हे उकलून सांगितले, तर ते निर्मूलनाचेच काम होईल. त्यासाठीही चित्र धड दिसले पाहिजे. धुरकट प्रतीत युक्ती कळत नाही, भीती मात्र कळते.

मराठीचा विचारही यातच आला. वसंत जोगळेकर यांचा १९७६ सालचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आज लोकांना आठवतो तो बहुतांशी गाण्यांमुळे. त्यातील वाड्याचे, छायाप्रकाशाचे काम किती जणांनी मूळच्या स्वरूपात पाहिले आहे? महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ला (१९९३) लोकप्रियतेने तारले, रामदास पाध्ये यांच्या हातून बोलणारा तात्या विंचू मुलांच्या तोंडी आजही आहे. परंतु लोकप्रियता म्हणजे जतन नव्हे. दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे तीच प्रत फिरत राहिल्याने आपल्याला चित्रपट माहीत असल्याचा भ्रम तेवढा होतो.

घरी पाहण्यासाठी प्रती काढाव्यात हा आग्रह एवढ्यासाठीच की, लहान गावांना दुसरा मार्ग उरलेला नाही. तंबूतले सिनेमे जत्रांतून जवळजवळ हद्दपार झाले. त्या फिरत्या चित्रपटगृहांच्या अखेरच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी २०१६ साली माहितीपट केला, तोही महाराष्ट्रातच. एकपडदा चित्रपटगृहे बंद होत आहेत. जीर्णोद्धारित चित्रपट एखाद्या महोत्सवात एकदा दाखवून कपाटात गेला, तर मेढ्याच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग शून्य. आणि पूर्वी रात्रीच्या खेळाला ज्या स्त्रिया कधीच जाऊ शकल्या नाहीत, त्यांना तर हा चित्रपट प्रथमच नीट पाहायला मिळेल. परदेशी तबकडीची किंमत येथल्या कारकुनाला परवडणारी नाही. माफक दराची प्रत, मराठी टिपणांसह, तालुक्याच्या ग्रंथालयात मिळायला हवी.

करणार कोण, हा प्रश्न राहतो. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. पी. के. नायर यांनी ते अक्षरशः डबे गोळा करीत उभे केले आणि २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेतून जीर्णोद्धाराला पैसाही मिळाला आहे. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘मंथन’चा जीर्णोद्धार करून तो २०२४ साली कान महोत्सवात नेला. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये देऊन काढलेला तो चित्रपट या मानाला पात्रच होता. मात्र निवडीच्या यादीत भयपटांसाठी, स्टंटपटांसाठी काही जागा राखून ठेवावी लागेल, अन्यथा मान्यवरांच्या रांगेत त्यांचा क्रमांक कधीच लागणार नाही. पुस्तकांच्या बाबतीत १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला ठरावीक ग्रंथालयांत प्रत जमा करावी लागते. तेथे पुस्तक चांगले की वाईट, हे कोणी विचारत नाही. चित्रपटांसाठी अशी सर्वंकष सक्ती नाही. ती आणायला हवी.

हक्कांचा गुंता निराळा. प्रकाशनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. त्या हिशेबाने ‘दो गज जमीन के नीचे’ २०३२ च्या अखेरीस सर्वांचा होईल. तोवर वारसदारांशी करार करून, त्यांना रास्त मोबदला देऊन निगेटिव्ह थंड गोदामात हलवणे एवढे तरी आज शक्य आहे. २०३३ च्या जानेवारीत हक्क मोकळा झाला आणि डबा उघडल्यावर नुसता शिरक्याचा वास आला, तर त्या हक्काचे करायचे काय?