विश्लेषण : पंधराव्या स्थानावर घसरलेल्या मँचेस्टर युनायटेडची नव्याने संघबांधणी… जुनी देणी, नवी खरेदी आणि अपुरे राहिलेले काम!

इंग्लिश प्रीमियर लीगमधील खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत २०२५मध्ये १ सप्टेंबर रोजी संपली. २०२४-२५च्या हंगामात थेट पंधराव्या स्थानावर घसरलेल्या मँचेस्टर युनायटेडने त्या उन्हाळ्यात २० कोटी पाउंडांहून अधिक, म्हणजे सुमारे अडीच हजार कोटी रुपये नव्या खेळाडूंवर खर्च केले. मात्र, मुदत संपण्याच्या पाच दिवस आधी याच संघाला चौथ्या श्रेणीतील ग्रिम्स्बी टाउनने लीग चषकातून बाहेर काढले. एवढा पैसा ओतूनही हे का घडले, युनायटेडने नेमके काय बदलले आणि काय बदलायचे राहिले, याचा आढावा.

२०२४-२५चा हंगाम किती वाईट होता?

युनायटेडने २०२४-२५च्या हंगामात ३८ सामन्यांत ११ विजय, ९ बरोबरी आणि १८ पराभव अशी कामगिरी केली. गुण मिळाले ४२. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून क्लबचे हे सर्वात कमी गुण. याआधीचा नीचांक ५८ गुणांचा होता. १९७३-७४मध्ये युनायटेडची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली होती. त्यानंतर हा संघ इतक्या खाली कधीही गेला नव्हता.

हंगामाच्या मध्यातच प्रशिक्षक बदलले. एरिक टेन हाग यांचा करार जुलै २०२४मध्ये वाढवण्यात आला आणि ऑक्टोबरअखेर त्यांना काढण्यात आले. नोव्हेंबरमध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबचे रुबेन अमोरिम आले. त्यांच्या कार्यकाळातील २७ लीग सामन्यांत युनायटेडने केवळ ७ जिंकले आणि १४ गमावले. जानेवारीत ब्रायटनकडून घरच्या मैदानावर हरल्यावर ‘हा कदाचित क्लबच्या इतिहासातील सर्वात वाईट संघ आहे,’ अशा आशयाची कबुली खुद्द अमोरिम यांनीच दिली होती.

तरीही एक दार उघडे होते. २१ मे रोजी बिल्बाओ येथे झालेला युरोपा लीगचा अंतिम सामना जिंकला असता, तर चॅम्पियन्स लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला असता. समोर होता लीगमध्ये सतराव्या स्थानी राहिलेला टॉटनहॅम. युनायटेडने तो सामना ०-१ असा गमावला. त्यामुळे २०२५-२६मध्ये, २०१४-१५नंतर प्रथमच, युनायटेड युरोपातील कोणत्याही स्पर्धेत खेळणार नव्हता.

या अपयशाची किंमत कोणी मोजली?

खेळाडूंचे पगार करारानुसार सुरूच राहतात. पहिला फटका बसला तो क्लबच्या सामान्य कर्मचाऱ्यांना. २०२३-२४ या आर्थिक वर्षात क्लबला ११ कोटी पाउंडांहून अधिक निव्वळ तोटा झाला होता. फेब्रुवारी २०२४मध्ये सर जिम रॅटक्लिफ यांनी क्लबमधील एक चतुर्थांशाहून अधिक हिस्सा घेतला आणि फुटबॉलविषयक निर्णय त्यांच्या गटाकडे गेले. त्याच वर्षी सुमारे २५० जणांच्या नोकऱ्या गेल्या. फेब्रुवारी २०२५मध्ये आणखी १५० ते २०० पदे कमी करण्याची घोषणा झाली. कर्मचाऱ्यांचे मोफत जेवणही बंद करण्यात आले. सदस्यांसाठीच्या उरलेल्या तिकिटांचा दर हंगामाच्या मध्यातच ६६ पाउंड करण्यात आला आणि त्यात मुले व ज्येष्ठांसाठीची सवलतही राहिली नाही.

त्याच काळात टेन हाग आणि त्यांचे सहकारी, तसेच अवघ्या पाच महिन्यांत पद सोडावे लागलेले क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थ यांच्या नेमणुका संपवण्यासाठी क्लबला सुमारे १.४५ कोटी पाउंड मोजावे लागले. एका बाजूला जेवणावरची बचत आणि दुसऱ्या बाजूला चुकलेल्या निर्णयांची भरपाई, असे हे चित्र होते. त्यामुळेच २०२५च्या उन्हाळ्यातील खरेदीकडे चाहते केवळ उत्सुकतेने नव्हे, तर संशयानेही पाहत होते.

‘आयपीएल’सारखा संघ नव्याने का बांधता येत नाही?

भारतीय क्रीडाप्रेमींना संघबांधणी म्हटले की ‘आयपीएल’चा महालिलाव आठवतो. मोजके खेळाडू राखायचे, बाकीचे सोडून द्यायचे आणि हातातील ठरलेल्या रकमेतून नवा संघ उभारायचा. फुटबॉलमध्ये अशी कोरी पाटी मिळत नाही. खेळाडूचा करार चार-पाच वर्षांचा असतो आणि तो संपेपर्यंत पगार द्यावाच लागतो. खेळाडू नकोसा झाला तरी त्याला घेणारा दुसरा क्लब हवा, तो पगार परवडायला हवा आणि मुख्य म्हणजे खेळाडूने होकार द्यायला हवा. मोठ्या पगारावर असलेला आणि खराब खेळणारा खेळाडू म्हणूनच विकायला सर्वात कठीण असतो.

दुसरी अडचण नियमांची. प्रीमियर लीगच्या तेव्हा लागू असलेल्या नफा आणि शाश्वतता नियमांनुसार क्लबला तीन वर्षांत मिळून कमाल १० कोटी ५० लाख पाउंड तोटा दाखवता येत होता. अ‍ॅकॅडमी, महिला संघ, पायाभूत सुविधा यांवरचा खर्च त्यातून वगळला जात असे. त्यामुळे मालकाकडे कितीही पैसा असला तरी तो हवा तसा ओतता येत नव्हता.

खरेदी-विक्रीचा हिशेब कसा चालतो?

खेळाडूची किंमत हिशेबात एकदम धरली जात नाही. ती कराराच्या वर्षांमध्ये विभागली जाते आणि ही विभागणी जास्तीत जास्त पाच वर्षांची असते. उदाहरणार्थ, ६.२५ कोटी पाउंडांना पाच वर्षांसाठी घेतलेल्या मॅथ्यूस कुन्याची किंमत क्लबच्या पुस्तकात दरवर्षी १.२५ कोटी एवढीच दिसेल. विक्रीची रक्कम मात्र त्याच वर्षीच्या हिशेबात येते.

या गणिताची दुसरी बाजू अँटनीच्या बाबतीत दिसते. २०२२मध्ये आयॅक्सकडून त्याला सुमारे ८ कोटी पाउंडांना घेतले गेले. पाच वर्षांच्या करारातील तीन वर्षे संपल्यावर पुस्तकात त्याची किंमत ढोबळमानाने ३.२ कोटी उरते. रेयाल बेटिसने त्याच्यासाठी २.२ कोटी युरो, म्हणजे सुमारे १.९ कोटी पाउंड दिले. अधिक रक्कम अटींवर अवलंबून आहे. म्हणजे खेळाडू विकूनही पुस्तकात कोटभर पाउंडांहून अधिक तोटाच!

अ‍ॅकॅडमीतून आलेल्या खेळाडूच्या बाबतीत उलटे घडते. त्याची खरेदी किंमत जवळपास शून्य असल्याने विक्रीची सगळी रक्कम नफा ठरते. अलेहांद्रो गार्नाचोला युनायटेडने किशोरवयात नाममात्र रकमेत आणले होते. चेल्सीने त्याच्यासाठी ४ कोटी पाउंड मोजले आणि ते जवळपास पूर्णच नफ्यात जमा झाले. घरच्या मुलांना विकण्याचा मोह क्लबना का होतो, याचे उत्तर या नियमात आहे.

कोण गेले, कोण आले?

मार्कस रॅशफर्ड, गार्नाचो, अँटनी, जेडन सँचो आणि टायरेल मलासिया या पाच जणांना अमोरिम यांच्या योजनेत स्थान नव्हते. मुख्य संघापासून वेगळा सराव करण्यास त्यांना सांगण्यात आले. मुदत संपेपर्यंत या पाचपैकी केवळ गार्नाचो आणि अँटनी यांची कायमस्वरूपी विक्री झाली. रॅशफर्ड लोनवर बार्सिलोनाला गेला. त्याला ३ कोटी युरोला विकत घेण्याचा पर्याय बार्सिलोनाकडे होता, बंधन नव्हते. सँचो लोनवर अ‍ॅस्टन व्हिलाकडे गेला. त्याला २०२१मध्ये ७.३ कोटी पाउंडांना आणले होते. २०२४-२५च्या हंगामात तो चेल्सीकडे होता, पण त्याला कायम घेण्याऐवजी चेल्सीने ५० लाख पाउंड दंड भरणे पसंत केले. रासमुस हॉयलुंड नापोलीकडे गेला. नापोली चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरल्यास त्याला ४.४ कोटी युरोला घेणे त्यांना बंधनकारक होते. व्हिक्टर लिंडेलॉफ आणि क्रिस्टियन एरिक्सन यांचे करार संपले.

येणाऱ्यांमध्ये वुल्व्हजचा कुन्या, ब्रेंटफर्डचा ब्रायन एमब्यूमो (६.५ कोटी पाउंड आणि अटींनुसार ६० लाख), लाइपझिगचा २२ वर्षीय बेंजामिन शेश्को (सुमारे ६.६ कोटी पाउंड) हे तीन आघाडीपटू आहेत. अखेरच्या दिवशी अँटवर्पकडून २३ वर्षीय गोलरक्षक सेने लामेन्सला सुमारे १.८ कोटी पाउंडांना घेण्यात आले. पॅराग्वेचा तरुण बचावपटू दिएगो लिऑनही दाखल झाला.

आघाडीपटूंवरच भर का?

आकडे पाहिले तर कारण स्पष्ट होते. २०२४-२५च्या लीग हंगामात युनायटेडच्या संपूर्ण संघाने ४४ गोल केले. त्याच हंगामात एमब्यूमोने २० आणि कुन्याने १५, म्हणजे दोघांनी मिळून ३५ गोल केले. याउलट हॉयलुंडला लीगमध्ये ४ गोलच करता आले. कुन्या आणि एमब्यूमो यांना प्रीमियर लीगचा अनुभव आहे. परदेशी लीगमधून मोठ्या किमतीत खेळाडू आणायचा आणि तो इंग्लंडमध्ये रुळायची वाट पाहायची, ही अँटनी, सँचो, हॉयलुंड यांच्या बाबतीतली चूक टाळण्याचा हा प्रयत्न आहे. शेश्कोच्या बाबतीत मात्र तोच जुना धोका पुन्हा पत्करण्यात आला आहे.

अमोरिम यांच्या ३-४-२-१ या रचनेचाही यात वाटा आहे. तीन मध्य बचावपटू, दोन्ही कडांना वर-खाली धावणारे विंगबॅक, मध्ये दोन मध्यरक्षक आणि पुढे एका आघाडीपटूमागे दोन सर्जक खेळाडू, अशी ही मांडणी. तिच्यात पारंपरिक विंगरला जागाच नाही. रॅशफर्ड, गार्नाचो, अँटनी आणि सँचो हे चौघेही विंगर आहेत, हा निव्वळ योगायोग नाही.

मग अपुरे काय राहिले?

मध्यफळी. या रचनेत मध्यभागी दोघेच असल्याने त्यांच्यावर धावपळीचा प्रचंड ताण येतो. तेथे तेव्हा ३३ वर्षांचा कासेमिरो होता. सर्जक भूमिकेत शोभणारा कर्णधार ब्रुनो फर्नांडिस तेव्हा मागे खेळत होता. ब्रायटनच्या कार्लोस बलेबाबाबत युनायटेडने चाचपणी केली, पण व्यवहार झाला नाही. अल हिलालचा मोठा प्रस्ताव ब्रुनोने उन्हाळ्यात नाकारला, ही जमेची बाजू. तो गेला असता तर ही पोकळी आणखी वाढली असती.

गोलरक्षकाचा निर्णयही लांबला. पहिल्या तीन लीग सामन्यांत अल्ताय बायंदिर खेळला. पहिल्याच सामन्यात आर्सेनलने कॉर्नरवरून गोल करत ०-१ असा पराभव केला, तेव्हा त्याच्यावर टीका झाली. ग्रिम्स्बीविरुद्ध आंद्रे ओनाना खेळला आणि पहिल्या सत्रातच संघ दोन गोलने मागे पडला. सामना २-२ असा बरोबरीत सुटल्यावर पेनल्टी शूटआऊटमध्ये युनायटेड ११-१२ असा हरला. कुन्याने गोल केला असता तर तेथेच विजय मिळाला असता, पण त्याची पेनल्टी अडवली गेली. अखेरचा फटका एमब्यूमोने गोलपट्टीवर मारला. त्यानंतर बर्नलीला ३-२ असे हरवण्यासाठीही भरपाई वेळेत ब्रुनोच्या पेनल्टीची गरज भासली.

इतर क्लबांचा अनुभव काय सांगतो?

आर्सेनलने २०१९-२० आणि २०२०-२१ असे सलग दोन हंगाम आठव्या स्थानावर काढले. तरी मिकेल आर्टेटा यांना कायम ठेवले. २०२१च्या उन्हाळ्यात २३ किंवा त्याहून कमी वयाचे सहा खेळाडू घेतले. मेसुत ओझिल, पिएर-एमरिक ऑबामेयांग यांसारख्या मोठ्या पगाराच्या खेळाडूंना करार संपण्यापूर्वीच मोकळे केले. त्यानंतर क्रमांक पाचवा आला आणि पुढील तीन हंगाम दुसरा. याउलट, चेल्सीने २०२२-२३मध्ये विक्रमी खर्च केला, एकाच हंगामात प्रशिक्षक बदलत राहिले आणि बाराव्या स्थानी घसरण झाली. पैसा दोघांनीही खर्च केला. एकाकडे प्रशिक्षक आणि खेळण्याची पद्धत ठरलेली होती, दुसऱ्याकडे नाही.

युनायटेडसमोरील पेच इथेच होता. २०१३मध्ये सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाल्यापासून प्रत्येक प्रशिक्षकाने आपल्या पसंतीचे खेळाडू आणले आणि पुढच्या प्रशिक्षकाला ते नको झाले. २०२५च्या उन्हाळ्यात संघ एका विशिष्ट रचनेसाठी बांधला जात होता. अमोरिम यांच्यानंतरच्या प्रशिक्षकाला विंगर हवे असते, तर ते आधीच विकले गेले होते किंवा लोनवर गेले होते.

पुढे काय?

२०२५-२६मध्ये युरोपातील सामने नव्हते आणि लीग चषकही संपला होता. त्यामुळे बहुतेक आठवड्यांत एकच सामना आणि सरावाला भरपूर वेळ, हा एकमेव फायदा होता. मात्र, उत्पन्नाची बाजू लंगडी होती. आदिदासबरोबरच्या १० वर्षांच्या ९० कोटी पाउंडांच्या करारात, चॅम्पियन्स लीगमध्ये न खेळल्यास दर हंगामाला १ कोटी पाउंड कापले जाण्याची अट आहे. म्हणजे जानेवारीत किंवा त्यापुढील उन्हाळ्यात मध्यरक्षक घ्यायचा, तर त्यासाठीचा पैसा त्या हंगामाच्या क्रमवारीवर अवलंबून असणार होता. रॅशफर्ड, सँचो आणि हॉयलुंड यांचे प्रश्न सुटले नव्हते, तर वर्षभर पुढे ढकलले गेले होते.

१४ सप्टेंबर २०२५ला युनायटेडची गाठ मँचेस्टर सिटीशी त्यांच्याच मैदानावर पडणार होती. तेथील निकाल काहीही लागला, तरी तीन नव्या आघाडीपटूंपर्यंत चेंडू पोहोचवणार कोण, या प्रश्नाचे उत्तर क्लबला किमान जानेवारीपर्यंत आहे त्याच खेळाडूंमधून शोधावे लागणार होते.