गणिताची पदवी: अर्धे क्रेडिट मेजरच्या बाहेर, नियोजन कोण करणार?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच प्रश्न फिरतो, "आता कुठे टाकायचं?" कॉलेज ठरलं की सगळे मोकळे होतात. आत गेल्यावर मुलगा किंवा मुलगी नेमके कोणते पेपर घेणार, हे फारसं कोणी विचारत नाही. जुन्या पद्धतीत ते चालून जायचं, कारण विषयांचा गट ठरलेलाच असायचा. आता तसं राहिलेलं नाही.

महाराष्ट्रात नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झालं. धाम नदीकाठच्या पवनारमधून वर्ध्याला शिकायला जाणाऱ्या मुलांनाही हीच रचना लागू आहे. विनोबांमुळे हे गाव देशाला माहीत झालं. त्यांना गणिताची ओढ होती आणि त्यांनी कुरआनचाही मन लावून अभ्यास केला होता. त्याच गावातल्या एखाद्या मुलीला आज गणितात पुढे जायचं असेल, तर तिच्यापुढे नेमकं काय येतं ते आम्ही इथे मांडतो आहोत.

हिशेब समजून घ्या

यूजीसीने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट लागतात. त्यातले मुख्य विषयाचे, म्हणजे मेजरचे, किमान 60. मायनरचे 24. उरलेले भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, इतर शाखांचे विषय आणि इंटर्नशिप यांत वाटलेले. महाराष्ट्रात एकूण आकडा 120 ते 132 च्या दरम्यान आहे. थोडक्यात, "गणितात बी.एस्सी." म्हटलं तरी जवळपास अर्धी पदवी गणिताच्या मेजरबाहेर असते. हा अर्धा भाग जपून निवडला तर फायदा, नाहीतर "जो पेपर सोपा तो घे" म्हणत तो वाया जातो.

उपयोजित गणितात हा अर्धा भाग जास्तच मोलाचा ठरतो. कापसाच्या उत्पादनाचा अंदाज, नदीच्या पुराचं पाणी किती चढेल याचं गणित, विम्याचा हप्ता, ट्रकचा कमी खर्चाचा मार्ग, या सगळ्याला गणित लागतं. पण नुसतं वहीतलं नाही. सोबत संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग हवं. गणिताच्या मेजरमध्ये या दोन गोष्टी पुरेशा मिळतीलच असं नाही. त्या मायनर आणि कौशल्याच्या पेपरांतून आणाव्या लागतात.

एका निवडीने बंद होणारं दार

केंद्र सरकारच्या भारतीय सांख्यिकी सेवेसाठी पदवीला संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो, नाहीतर त्यातली पदव्युत्तर पदवी लागते. एसएससीच्या सीजीएल परीक्षेतल्या सांख्यिकी अन्वेषक पदासाठी तर अट आणखी कडक आहे: संख्याशास्त्र तिन्ही वर्षं किंवा सहाही सत्रांत शिकलेलं असावं. म्हणजे तिसऱ्या वर्षाला जाग आली तर ते पद हातचं गेलं. हुशारी कमी पडली म्हणून नाही, पहिल्या सत्रात कोणी सांगितलं नाही म्हणून.

एम.एस्सी.साठी आयआयटीत जायचं तर 'जॅम' परीक्षा आहे. तिथे रिअल अॅनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा, ग्रुप थिअरी आणि डिफरन्शियल इक्वेशन्स पक्के लागतात. हे विषय पाचव्या-सहाव्या सत्रात घाईघाईने उरकणाऱ्यांना तयारीला वेळ मिळत नाही.

अभ्यासक्रमावरचा वाद

ऑगस्ट 2025 मध्ये यूजीसीने गणिताच्या पदवी अभ्यासक्रमाचा मसुदा काढला. प्राचीन भारतीय गणितावरचे अनेक पेपर त्यात होते. 900 हून अधिक गणितज्ञ आणि संशोधकांनी तो मागे घ्या अशी मागणी केली. पायाभूत विषय तोकडे पडतात आणि उपयोजित गणिताला हवी तशी जागा नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

आमचं म्हणणं सरळ आहे. गणिताचा इतिहास शिकवायला हवा, पूर्णच शिकवायला हवा. अल-ख्वारिझ्मीने भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिला, आणि 'अल्जेब्रा' हा शब्द त्याच्याच 'अल-जब्र'वरून आला. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीवर, म्हणजे मिरासवर आहे. ज्ञान असं एकमेकांकडून घेत-देत वाढलं. पण इतिहासाचा पेपर लिनिअर अल्जेब्राची जागा घेऊ शकत नाही. ज्यांच्या घरी शिकवणीला पैसे आहेत ते उणीव बाहेर भरून काढतील. वर्ध्याहून संध्याकाळच्या एसटीने गावी परतणारी मुलगी ती कुठे भरून काढणार?

आपल्या घरांना हे का महत्त्वाचं

सच्चर समितीने 2006 मध्ये नोंदवलं होतं की नामांकित महाविद्यालयांत पदवीला 25 पैकी एक विद्यार्थी मुस्लिम असतो, आणि पदव्युत्तरला 50 पैकी एक. पदवीनंतर गळती होते. पैसा हे मोठं कारण आहेच, पण चुकीच्या विषयांमुळे पुढचा प्रवेशच न मिळणं हेही होतं.

आणखी एक धोका. एका वर्षानंतर बाहेर पडलं तरी प्रमाणपत्र मिळतं. "चला, काहीतरी हातात आलं," म्हणून मुलीचं शिक्षण तिथेच थांबवू नका. ते प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. थांबणं भागच पडलं तर तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते, हे लक्षात ठेवा.

मग करायचं काय?

प्रवेशाच्या दिवशी अब्बू-अम्मींपैकी कोणीतरी सोबत जा आणि विचारा: मायनर कधी ठरवायचा? संख्याशास्त्र सहाही सत्रांत मिळेल का? कौशल्याच्या पेपरात पायथन आहे का? उत्तरं लिहून घ्या.

नंतर एका कागदावर सहा सत्रांचे सहा रकाने आखा. पहिल्या वर्षी कॅलक्युलस, लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोग्रामिंगची सुरुवात. दुसऱ्या वर्षी डिफरन्शियल इक्वेशन्स, संभाव्यता आणि न्यूमरिकल मेथड्स. तिसऱ्या वर्षी लिनिअर प्रोग्रामिंग, मॉडेलिंग आणि एखादा खराखुरा प्रकल्प. संख्याशास्त्र सगळ्या रकान्यांत. कॉलेजात जे मिळत नाही ते 'स्वयम्'वर शोधा. नियमानुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून घेता येतात, मात्र कॉलेजची मंजुरी आधी घ्यावी लागते.

चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. म्हणून पहिलं सत्र "अजून वेळ आहे" म्हणून सोडू नका.

आणि ज्यांनी गणितात किंवा संख्याशास्त्रात पदवी घेतली आहे, त्यांनी प्रवेशाच्या दिवसांत जुम्याच्या नमाजनंतर अर्धा तास मोहल्ल्यातल्या मुलांसाठी काढावा. त्याला ना देणगी लागते, ना मंडप. एक कागद, एक पेन आणि स्वतः चुकून शिकलेली दोन वाक्यं पुरतात.