कार्ड दिसते, एसएमपीएस दिसत नाही

आमच्या घरचा संगणक २०१४ सालचा. प्रश्नपत्रिका घरी बसून इनपेजवर तयार करता याव्यात म्हणून भिशीचा नंबर लागला तेव्हा घेतलेला. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, आणि दुकानदाराने कॅबिनेटबरोबरच बसवून दिलेला एसएमपीएस. दहा वर्षे त्याने कुरकुर केली नाही. कुरकुर सुरू झाली ती आमच्या लेकीची.

ती इंटिरिअर डिझाइनचा डिप्लोमा करते. ब्लेंडर नावाचे मोफत सॉफ्टवेअर वापरून खोलीचे चित्र असे उभे करते की फोटोच वाटावा. पण एका स्वयंपाकघराचे चित्र पूर्ण व्हायला आमच्या संगणकाला अडीच-तीन तास लागत. एके दिवशी ती म्हणाली, "अब्बू, ग्राफिक्स कार्ड लागेल." आम्ही पटकन विचारले, "गेम खेळायला?" ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने वही आणून दाखवली. एका फर्निचरवाल्याने तिला सहा चित्रांचे काम दिले होते. तिची पहिली कमाई होणार होती. आम्हाला आमच्या प्रश्नाची लाज वाटली, आणि त्या भरात आम्ही हो म्हणून टाकले.

वापरलेले जीटीएक्स १६६० सुपर कार्ड ओळखीतून मिळाले. विकणाऱ्याने विचारले, "एसएमपीएस कितीचा आहे?" आम्ही स्टिकरवरचा मोठा आकडा सांगितला, साडेचारशे वॅट. "मग चालेल," तो म्हणाला. कार्डाला वरून पॉवरची आठ पिनांची वायर लागते. आमच्या एसएमपीएसला ती नव्हती. शंभर-दीडशे रुपयांचे कन्व्हर्टर मिळाले, ते जोडले. नवा एसएमपीएस घेतला असता तर आणखी साडेतीन हजार गेले असते. ते वाचवले म्हणून घरी येताना आम्ही खूष होतो.

पहिले दोन दिवस मजेत गेले. मग तिने पहिले मोठे चित्र करायला घेतले आणि पाचव्या मिनिटाला संगणक धाडकन बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी रबर जळाल्यासारखा वास आला. काम द्यायला चार दिवस उरले होते. आणि आम्ही काय केले? लेकीवर रागावलो. "रात्र रात्र चालवतेस, बिघडणार नाही तर काय!" ती मान खाली घालून उठून गेली. तिच्या अम्मीने आमच्याकडे एकदा पाहिले आणि दिवा मालवला.

आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा आता गावात संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. गणितात तो कच्चा म्हणून आम्ही त्याला कितीदा उभे केले असेल. त्यालाच बोलावले. इशानंतर आला. कार्डाला त्याने हातही लावला नाही. बटण बंद केले, वायर काढली, कॅबिनेटची बाजू उघडली आणि मोबाइलचा उजेड एसएमपीएसच्या स्टिकरवर धरला.

"सर, वरचा मोठा आकडा सोडा. खालची बारीक ओळ वाचा. बारा व्होल्टसमोर काय लिहिलंय?"

आम्ही चष्मा लावून वाचले. सोळा अँपिअर.

"आता गुणाकार करा सर."

बारा सोळे एकशे ब्याण्णव. त्याने जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे हिशोब मांडला. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघांचे जेवण बारा व्होल्टच्या ताटातूनच येते. आमचा प्रोसेसर ८४ वॅटचा, कार्ड १२५ वॅटचे. मदरबोर्ड, हार्ड डिस्क, पंखे यांचे चाळीस-पन्नास धरा. बेरीज अडीचशेच्या पुढे जाते, आणि देणारा जेमतेम १९२ चा. नुसते टाइप करताना कार्ड थोडकीच वीज खाते, म्हणून दोन दिवस काही कळले नाही. चित्र करायला घेतले की कार्ड पूर्ण ताकदीने चालते, क्षणभर तर १२५ च्याही वर उसळी मारते. तिथे एसएमपीएसचा दम सुटत होता.

कन्व्हर्टरही त्याने काढून दाखवले. एका बाजूचे प्लास्टिक पिवळे पडून मऊ झाले होते. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळू शकते, उरलेली वरच्या वायरीतून यायची. आठ पिनांच्या वायरीची मर्यादा १५० वॅटची, म्हणून तिच्यात बारा व्होल्टच्या तीन तारा असतात. आमच्या कन्व्हर्टरमध्ये सगळा भार एकाच बारीक तारेवर आला होता.

"सर, असला एसएमपीएस जाताना एकटा जात नाही," तो शांतपणे म्हणाला. "कधी मदरबोर्ड घेऊन जातो, कधी हार्ड डिस्क."

त्या हार्ड डिस्कवर आमच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत. आमच्या मरहूम वडिलांची उर्दू पत्रे स्कॅन करून ठेवलेली आहेत, त्यांतले काही मूळ कागद आता हात लावताच तुटतात. साडेतीन हजार वाचवले म्हणून खूष झालेल्या आम्हाला त्या रात्री झोप आली नाही. त्याने आधी कार्ड काढले, जुन्या जोडणीवर संगणक सुरू करून दिला, आणि पहिले काम केले ते सगळी डिस्क बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेण्याचे.

दुसऱ्या दिवशी नवा एसएमपीएस आला. साडेपाचशे वॅटचा, आणि बारीक ओळीत बारा व्होल्टसमोर ४३ अँपिअर, म्हणजे ५१६ वॅट. हातात घेतला तेव्हा वजनातला फरक कळला. आठ पिनांची वायर त्याची स्वतःची. लेकीच्या अम्मीने रास्त प्रश्न विचारला, "साडेपाचशे वॅटचा, म्हणजे लाइट बिल वाढणार ना?" तसे नसते. वॅट हा देण्याच्या ताकदीचा आकडा आहे, रोजच्या खर्चाचा नव्हे. संगणकाला अडीचशे लागले तर तो अडीचशेच देतो. मध्ये थोडी वीज उष्णतेत वाया जाते, तेवढी भिंतीतून जास्त ओढतो. चांगला एसएमपीएस शंभरातले पंच्याऐंशी पोचवत असेल, तर अडीचशेसाठी भिंतीतून २९४ घेईल. समजा तो सत्तरच पोचवतो, तर ३५७ घेईल. वरचे ८० प्लस, ब्राँझ, गोल्ड हे शिक्के या बचतीचे आहेत. पण शिक्का आहे म्हणून सगळे चांगले, असेही नाही. बारा व्होल्टची ओळ आणि वॉरंटीची वर्षे पाहायचीच.

तो निघता निघता कॅबिनेटला आम्ही हात लावला आणि झिणझिण्या आल्या. ते तर आम्हाला वर्षानुवर्षे येत होते, आम्ही सवय करून घेतली होती. त्याने टेस्टर लावला, दिवा लागला. आमचे घर जुने, त्या खोलीच्या बोर्डाला अर्थिंगच नव्हते. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे भाग असतात, ते थोडी वीज कॅबिनेटकडे सोडतात. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर आपल्या हाताची वाट पाहते. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतले. झिणझिण्या थांबल्या.

वाचकहो, आपल्या घरीही असा जुना संगणक असेल आणि मुले कार्ड मागत असतील, तर खरेदीआधी एवढे जरूर करा. कामासाठी कार्ड लागते का, हे आधी पाहा. अभ्यास, टायपिंग, व्हिडिओ पाहणे यांसाठी लागत नाही. संगणक नुसता मंद असेल तर त्या पैशात एसएसडी बसवणे जास्त उपयोगी. कार्ड लागणारच असेल तर त्याचे वॅट आणि एसएमपीएसची बारा व्होल्टची ओळ समोरासमोर मांडा. ७५ वॅटची कार्डेही असतात, उदाहरणार्थ जीटीएक्स १६५०. त्याच्या अनेक मॉडेलना वरची वायर लागत नाही, काहींना लागते, म्हणून नेमके मॉडेल पाहूनच घ्या. कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावते का, हे पट्टी लावून मोजा. ऑफिसातून निघालेला ब्रँडेड संगणक असेल तर जास्त जपा. त्यातल्या काहींच्या मदरबोर्डला नेहमीची २४ पिनांची वायर बसत नाही, बाजारातला एसएमपीएस आणून उपयोग होत नाही. युपीएसही विसरू नका. घरगुती ६०० व्हीएचा युपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो.

बसवताना वीज बंद करून वायर काढलेली असू द्या. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला बहिणी, पण आतली जोडणी उलटी, तेव्हा जिथे सहज बसत नाही तिथे जोर लावू नका. एका एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्याला जोडू नका. आणि एसएमपीएसचे डबडे स्वतः कधीही उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त भार असतो, आणि वायर काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. सगळे जोडून झाले आणि पडदा काळाच राहिला, तर घाबरू नका. मॉनिटरची वायर मदरबोर्डऐवजी कार्डाला लावा. आम्हीही तिथेच दहा मिनिटे घालवली.

लेकीची सहा चित्रे वेळेत गेली. शेवटचे चित्र वीस मिनिटांत झाले. पण त्याआधी, नवा एसएमपीएस बसला त्याच संध्याकाळी, आम्ही तिला समोर बसवून सांगितले, "बेटा, चूक तुझी नव्हती. तुझ्यावर काम टाकलं, आणि त्याला लागणारं बळ द्यायच्या वेळी आम्ही हात आखडता घेतला." ती हसली आणि म्हणाली, "अब्बू, आधी बसा, हे स्वयंपाकघर बघा."

तिच्या अम्मीने पडद्यावरचे स्वयंपाकघर बराच वेळ निरखले. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "आता आपल्या घरातलं कधी?"