खड्ड्यात विझणारे दिवे

जुन्या डिझेल ट्रकचे हेडलाईट खड्ड्यात विझतात, गॅरेजला नेलं की लख्ख! मेकॅनिकल पंपाचं इंजिन एकदा सुरू झालं की विजेवाचून चालतं, म्हणून ही खोड महिनोन्महिने चालवून घेतात. पण रात्री चोर्ला घाटात वळणावरच अंधार झाला तर? असे लपंडाव खेळणारे बग आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या चांगलेच ओळखीचे.

बल्ब बदलत बसू नका, आधी अर्थ बघा. दिवे लावूनच मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी हेडलाईटच्या अर्थच्या वायरीला लावा आणि कुणाला तरी वायरिंग हलवायला सांगा. आकडा 0.2 व्होल्टच्या वर उडाला, तर त्याच वाटेत सांधा सैल किंवा गंजलेला आहे. चासीवरचा बोल्ट सोडा, पॉलिश पेपरनं घासा, आवळा. दिवे बंद ठेवून मोजलंत तर मात्र मीटर काहीच सांगणार नाही.