एन्रॉनची नीतिसंहिता : अर्धीच हकिकत

संपादक महोदय,

दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राच्या परिचयाच्या झालेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीकडे साठहून अधिक पानांची नीतिसंहिता होती, तरीही ती कंपनी २००१ मध्ये बुडाली, सबब अशा संहिता म्हणजे निव्वळ कागदी सोपस्कार, हा आपल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष अर्ध्या माहितीवर उभा आहे. हितसंबंधांचा संघर्ष, म्हणजे ज्या व्यवहारात कंपनीचे हित जपायचे त्यातच अधिकाऱ्याचा खासगी लाभ गुंतलेला असणे, त्या संहितेला मान्य नव्हता. म्हणूनच मुख्य वित्त अधिकारी अँड्र्यू फास्टो यांना स्वतःच्या भागीदारी संस्थांमार्फत कंपनीशीच व्यवहार करता यावेत यासाठी संचालक मंडळाला १९९९ मध्ये दोनदा ती शिथिल करावी लागली. निरुपयोगी कागदाला बगल देण्यासाठी कोणी ठराव करीत नाही. पुढे २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने वरिष्ठ वित्त अधिकाऱ्यांसाठी संहिता आहे की नाही, नसल्यास का नाही, आणि तीतून कोणाला सूट दिली, हे जाहीर करण्याचे बंधन शेअर बाजारात नोंदलेल्या अमेरिकी कंपन्यांवर घातले. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

संहितेने सचोटी उपजत नाही, एवढे मान्य करता येईल; परंतु वरिष्ठांचा अनुचित आदेश नाकारणाऱ्या कनिष्ठाला बोट ठेवण्यासाठी लेखी कलम लागते, आणि ते काढून घेतल्यावर त्याने कशाचा आधार घ्यावा, हे लेखकाने सांगितलेले नाही.

– एक वाचक, पुणे